भोंगेवाल्याची नात

हॉर्न वाजला तेव्हा माझ्या एका हातात चहाचा कागदी कप होता आणि मांडीवर नात झोपली होती. चहा उडाला आणि पायजम्यावर सांडला. समोर उभा असलेला रिक्षावाला "आयला" म्हणून दोन पावलं मागं सरकला, गटाराकडेचं कुत्रं शेपूट घालून पळालं आणि दुकानातली तीन-चार टाळकी खदाखदा हसली. असल्या माणसांना हसायला फार काही लागत नाही. माझा मुलगा ऋषिराज पिकअपच्या केबिनमधून अर्धा बाहेर वाकून माझ्याकडं बघत होता, अंगठा अजून त्या लाल बटनावर. "कसाय, तात्या?" त्यानं ओरडून विचारलं. "भिकारडा हाय," मी म्हणालो. त्यावर ते अजून हसले. आवाज थांबला तरी माझ्या कानात शिट्टी चालूच होती. पायजमा पुसायला मी इकडंतिकडं फडकं शोधलं, आणि तेव्हा कुठं माझं लक्ष मांडीकडं गेलं. स्वरूपा झोपलेलीच होती. तोंड अर्धवट उघडं, ओठाच्या कोपऱ्यात लाळ, आणि तिचा श्वास माझ्या मनगटावर मघाशी लागत होता तसाच लागत होता. पापणीसुद्धा हलली नव्हती. अठरा महिन्यांचं पोर, आणि वीस फुटांवर पाच भोंगे एकदम बोंबललेले. मी स्वतःला सांगितलं, सकाळी डोस टोचलाय, तापाचं औषध पाजलंय, गुंगी असणार. सांगितलं आणि लगेच मला माझीच किळस आली, कारण ते कारण मला शोधावं लागलं नव्हतं. ते आधीपासून खिशात घालून ठेवल्यासारखं हाताशी आलं होतं.

बारामतीत बाजार समितीच्या मागच्या अंगाला ही गॅरेजांची गल्ली आहे. मी एका जुन्या गाडीतून काढलेल्या सीटवर बसलो होतो, तिच्यातला स्पंज बाहेर आलेला आणि स्पंजावर कुणाकुणाच्या घामाचे काळे डाग. समोरच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि त्यांच्यावर देवाच्या फोटोची एक फरशी, तिथं थुंकू नये म्हणून बसवलेली, तिच्यावरही थुंकलेलं. इलेक्ट्रिशियनचं नाव अविराज. तोंडातला ऐवज सांडू नये म्हणून तो हनुवटी वर करून बोलायचा, त्यामुळं त्याचा प्रत्येक शब्द घशात भिजून बाहेर यायचा. सकाळपासून त्यानं आमच्या पिकअपची आतडी बाहेर काढली होती. बॉनेटखाली बॅटरीच्या शेजारी हवा दाबणारा कॉम्प्रेसर बसवला, तिथून प्लास्टिकच्या नळ्या वर नेल्या आणि केबिनच्या टपावर पाच चकचकीत पाइप लहानमोठे ओळीनं आवळले. त्यांची तोंडं पुढं आ वासलेली. वरून चांदीसारखी, आत नुसता काळोख. "आरटीओनं धरलं मग?" मी सकाळीच विचारलं होतं. अविराज हनुवटी वर करून म्हणाला, "समदेच लावत्यात, आबा. जुना हॉर्न काढला न्हाय. पोलीस दिसला की हे बटन फिरवायचं, गाडी गरीब गाय." ऋषिराज रोज सकाळी आमच्या भवानीनगरच्या आसपासच्या वस्त्यांवरून पेरू आणि भाजीपाला गोळा करतो आणि इथल्या मार्केट यार्डात आणतो. त्याचं म्हणणं, बागेतली माणसं आत असतात, कंपनीचा हॉर्न त्यांना ऐकू जात नाही, हा वाजला की क्रेट घेऊन बांधावर हजर. हे तो मला सांगत होता, पण त्याचं ध्यान मोबाइलमध्ये होतं. पिकअपवाल्या पोरांचा एक ग्रुप आहे, त्यात सगळ्यांनी आपापल्या हॉर्नचे व्हिडिओ टाकलेत. एकानं तर भोंग्यावर कुठल्याशा गाण्याची चाल बसवलीय. माझ्या मुलाला त्या ग्रुपात तोंड दाखवायचं होतं, आणि पेरूवाल्यांच्या नावानं तो ते मला विकत होता. खोटं बोलण्याची मला एवढी चीड नाही. खोटं बोलताना आपण बापाचं भलंच करतोय असा चेहरा करतात, त्याची मला शिसारी येते.

आणि मी स्वतः कोण? तर भोंगेवाला. आमच्याकडं अजूनही मला मानसिंग म्हणून कमी आणि भोंगेवाला म्हणून जास्त ओळखतात. साखर कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. पहिली नऊ वर्षं मिलहाऊसला, जिथं उसाचा रस काढतात. तिथं रोलर एवढे गरजतात की शेजारच्या माणसाच्या कानात तोंड घातलं तरी त्याला कळत नाही. म्हणून तिथं आम्ही हातानं बोलायचो. कुणी शिकवलं नव्हतं, जुन्या लोकांचं बघून यायचं. अंगठा तोंडाला लावला की पाणी. खांद्यावर दोन बोटं ठेवली की साहेब आला. मूठ तळहातावर दोनदा आपटली की बंद कर, मग समोरचा माणूस जिथं असेल तिथून आधी मशीन बंद करणार आणि मग कारण विचारणार. पाळी संपवून घरी आलो तरी हात थांबायचे नाहीत. जेवताना मी अंगठा तोंडाला लावायचो आणि आमची मंडळी, कुशाबाई, म्हणायची, "तोंड हाय न्हवं देवानं दिल्यालं?" नंतरची बावीस वर्षं मी बॉयलरला होतो, आणि तिथं ती साखळी माझ्या हातात आली. पहाटे चार, दुपारी बारा, रात्री आठ. साखळी ओढली की वाफ सुटायची आणि भोंगा पाच-सात कोसांवर जायचा. बायका त्यावर चूल पेटवायच्या, विहिरींवरच्या मोटारी चालू व्हायच्या, पोरं शाळेला निघायची. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू. अख्खा मुलूख माझ्या एका हाताच्या झटक्यानं उठतो असं मला वाटायचं. म्हणून मला हा टपावरचा पाच तोंडांचा प्रकार ओकारीसारखा वाटत होता. आमचा भोंगा वाजला की त्यातून काहीतरी कळायचं, चार वाजले, उठा. ह्यातून काय कळतं? एवढंच, की मी आलो, मला बघा. ह्या विचारानं मला जरा बरं वाटलं, आणि मग मी पुन्हा मांडीकडं बघितलं. स्वरूपानं झोपेत ओठ हलवले, दूध प्याल्यासारखे. झोप इतकी काही गाढ नव्हती.

ती तीन महिन्यांची असताना दिवाळी आली होती. आमच्या ओसरीत पाळणा होता आणि शेजारच्या पोरांनी अंगणात, पाळण्यापासून दहा पावलांवर, सुतळी बॉम्ब लावला. कौलं हादरली. गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. मी शिव्या घालत बाहेर धावलो, परत आलो तर पोर पाळण्यात पाय उडवत वर टांगलेल्या चिमणाळ्याकडं बघत होती. घरात वीसेक माणसं जमली होती. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी तिला उचलून दोन्ही हातांवर वर धरली आणि म्हणालो, "बघितलं का? भोंगेवाल्याची नात हाय. ही दचकंल व्हय?" सगळे हसले. मला हसू आवडलं. मग मी ते जिथं तिथं म्हणायला लागलो. लग्नात बाजावाले आले की तिला कडेवर घेऊन मुद्दाम ढोलाच्या जवळ जायचो. काटेवाडीला, सुनेच्या माहेरी गेलो तर तिथं ट्रॅक्टरच्या बॉनेटवर तिला बसवून इंजिन चालू करायला लावलं, आणि ती हसली, खिदळली, दोन्ही हात पत्र्यावर आपटायला लागली. पत्रा थरथरत होता म्हणून हसली असेल, हे आज कळतंय. त्या दिवशी मी तिच्या आजोळच्या माणसांपुढं छाती काढून म्हणालो होतो, आमच्या रक्तातच आवाज हाय. सोयऱ्यांनी माना डोलावल्या. काटेवाडीपासून भवानीनगरापर्यंत सगळ्यांना पोरीचं ते कौतुक पाठ झालं. दुसऱ्या घरात असतं तर कुणी ना कुणी म्हणालं असतं, अरे बाबा, हिला जरा दाखवून आणा. आमच्या घरात कोण म्हणणार? न दचकणं ही आमच्या घरची मालमत्ता होती, आणि ती मी स्वतः पोरीच्या नावावर केली होती.

एक जण म्हणाली होती. सुप्रिया, माझी सून. जेठ महिना असेल, पोर दहा महिन्यांची. मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो आणि आतून स्टीलचं ताट पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी उठून आत गेलो. पोर भिंतीकडं तोंड करून खेळत होती आणि सुप्रिया तिच्या मागं उभी राहून ताट फरशीवर सोडत होती. मला बघून ती घाबरली नाही. म्हणाली, "तात्या, ही वळून बघत न्हाय. हाक मारली तरी बघत न्हाय. बारामतीला कानाच्या डॉक्टरला दाखवूया का?" मला आठवतं, तेव्हा माझ्या पोटात काहीतरी गार झालं होतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या गारव्यावर मी ओरडलो. म्हणालो, "पोरीत खोट काढती व्हय? आई हाईस का वैरीण? ऋषी तीन वरसाचा हुईस्तोर बोलला न्हवता. ही खेळण्यात दंग आसती म्हणून बघत न्हाय." चुलीपुढून कुशाबाई माझी री ओढत म्हणाली, "दाखवून आणलं की गावभर हुतंय. उद्या पोरीचं लगीन करायचंय." सुप्रियानं ताट उचललं, पुसलं आणि फळीवर ठेवलं. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. घरात माझा शब्द खाली पडत नाही असं मी अभिमानानं सांगायचो, तो हा शब्द. ऋषिराजला तिनं सांगितलं असेलच, पण ऋषिराज बापाच्या पुढं जाणारा नाही. हॉर्न बसवायला तेवढा जातो.

ह्या वर्षीच्या दिवाळीत तर मी सुप्रियाची चेष्टाही केली होती. फटाके सुरू झाले की ती धावत यायची आणि दोन्ही तळहातांनी पोरीचे कान झाकून बसायची. वात पेटली रे पेटली की हिचे हात कानांवर. पोर मान झटकायची, हात काढायला बघायची, पण ही सोडायची नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आगं, काय झाकतीस? ती कुणाची नात हाय?" ती खाली मान घालून बसली. मला वाटलं, शिकलेल्या पोरींची नाजूक नखरेबाजी. आता गॅरेजातल्या त्या घाणेरड्या सीटवर बसून मी तो प्रसंग आठवत होतो आणि त्यात काहीतरी जुळत नव्हतं. ताटं आपटून बघणारी बाई कान कशाला झाकेल? पण माझं डोकं त्या जागेपाशी जाऊन परत फिरत होतं. समोर तेलकट पाण्याचं डबकं होतं, त्यावर माशा बसल्या होत्या. आमच्या पिकअपच्या हौद्यातून कालच्या चेंगरलेल्या पेरूंचा आंबूस वास येत होता. एक माशी उठून स्वरूपाच्या ओठावर बसली. मी हाकलली, तर पोर जागी झाली.

माशीनं उठली. पाच भोंग्यांनी उठली नव्हती. डोळे चोळून तिनं माझ्याकडं बघितलं आणि खाली उतरायला पाय झाडले. मी तिला माझ्या गुडघ्यापाशी उभी केली. पायाशी नटबोल्ट आणि भोकाच्या चकत्या, वायसरी, सांडल्या होत्या, त्यातली एक वायसर तिनं उचलली आणि बोटात घालून बघायला लागली. गाडीकडं तिची पाठ होती. मी तिच्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. ही टोपीसुद्धा मला मघाशी कारण म्हणून सुचली होती, तेही सांगून टाकतो. "स्वरूपा," मी म्हणालो. वायसर अंगठ्यात बसत नव्हती, ती करंगळीत घालत होती. मग मी अविराजला म्हणालो, "परत वाजव." तो खूश झाला. "आबांना आवडला रं," म्हणून त्यानं ऋषिराजला टाळी दिली. त्या टाळीची मला इतकी घाण वाटली की मी दात आवळले. "लांब वाजव," मी म्हणालो. आयुष्यात मी देवाकडं फार काही मागितलेलं नाही, पण त्या क्षणी मी मागितलं. पोर रडू दे, किंचाळून माझ्या पायजम्याला बिलगू दे, मुतू दे, आजारी पडू दे भीतीनं, पण दचकू दे. ऋषिराजनं बटन दाबलं. तो आवाज आधी छातीत लागतो आणि मग कानात. माझे खांदे आपोआप वर गेले. समोरच्या पत्र्यावरचे सगळे पारवे फडफडत उठले. पलीकडच्या टपरीतल्या बाईनं पदर कानाला लावला. आणि माझ्या गुडघ्यापाशी माझी नात वायसर करंगळीत घालत होती. वायसर बोटात बसली. मग पारव्यांची सावली जमिनीवरून सरकली, तेव्हा तिनं वर बघितलं आणि बोट दाखवून "ब्बा" केलं. पाखरं उडाली होती, त्याचं तिला नवल वाटलं. ती कशानं उडाली ते तिला माहीत नव्हतं.

मी उठून गटारापर्यंत गेलो आणि मघाचा चहा ओकून टाकला. "ऊन लागलं का, तात्या?" ऋषिराजनं विचारलं. मी हातानंच त्याला, काही नाही, असं केलं. तोंडात आंबट चव घेऊन मी परत सीटवर येऊन बसलो आणि पोरीला मांडीवर घेतलं. मला त्या हॉर्नची किळस यायला पाहिजे होती, पण आता ती तिकडं जातच नव्हती. तो बिचारा हॉर्न आपलं काम चोख करत होता. माझ्या हातात बावीस वर्षं साखळी होती, पाच-सात कोसांवरच्या माणसांना मी उठवत होतो, आणि माझ्या स्वतःच्या पाळण्यात काय आहे हे मला अठरा महिने कळलं नाही. कळलं नाही असंही नाही. जेठात पोटात जे गार झालं होतं, ते काय होतं मग? मला ते कळलं होतं आणि मी ते दाबून वर बसलो होतो, आणि त्याच्यावर बसून लोकांना हसवत होतो. स्वरूपा माझ्या तोंडाकडं बघत होती. ती नेहमी अशीच बघते, अगदी रोखून, ओठांकडं. आम्ही म्हणायचो, आज्याचा लई लळा हाय हिला. तिच्या नजरेपुढं मला माझं तोंड लपवावंसं वाटलं.

त्या वेळी सुप्रिया आली. डोस टोचून झाल्यावर पोरीला माझ्याकडं देऊन ती ब्लाउजपीस आणायला म्हणून गेली होती, त्याला दीड तास झाला होता. हातात पिशवी, कपाळावर घाम. "उठली व्हय?" असं म्हणत ती वाकली, तेवढ्यात ऋषिराजनं पुन्हा बटन दाबलं. त्याला आता सोडवत नव्हतं. मला माहीत असून मी दचकलो. सुप्रियाच्या हातातली पिशवी खाली पडली आणि तिचे दोन्ही तळहात पोरीच्या कानांवर गेले. इतके झटकन, की ती दचकली म्हणून गेले असंही म्हणता आलं नसतं. पोरीनं वैतागून मान झटकली. कागदात गुंडाळलेला ब्लाउजपीस पिशवीतून निसटून तेलाच्या डबक्यात पडला होता. हॉर्न थांबला. तिचे हात तसेच होते.

"काढ हात," मी म्हणालो. तिला कळलं नाही. "सुप्रिया, काढ हात. तिला ऐकू येत न्हाय."

बोललो. मला वाटलं होतं, हे बोललं की काहीतरी होईल, ती रडेल, खाली बसेल, गल्लीतली माणसं जमतील. काही झालं नाही. पलीकडं कुणीतरी टायरात हवा भरत होतं. तिनं हळूच हात काढले आणि पदरानं पोरीची लाळ पुसली. "मला म्हाईत हाय, तात्या," ती म्हणाली.

"कवापास्नं?"

"तुमाला जेठात म्हणलं, तवापास्नं."

"मग कान कशाला झाकतीस? दिवाळीत बी झाकत व्हतीस."

ती खाली वाकली, ब्लाउजपीस उचलला, त्यावरचा काळा डाग बघितला आणि तो तसाच पिशवीत टाकला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "न्हाय झाकलं तर ती दचकत न्हाय ते समद्यांना दिसतंय. दिसलं की तुमी चार माणसांत म्हणता, भोंगेवाल्याची नात हाय. मला ते ऐकवत न्हाय. झाकल्यावर तेवढं तरी टळतंय."

माझ्यासमोर ती खाली मान घालून बसायची तेव्हा मला वाटायचं ही लाजते, ही मान ठेवते. ती माझ्या तोंडातून पुढं काय पडणार त्याची वाट बघत बसलेली असायची. माझी वाफ निघून जायची वाट बघत. मी तळव्यानं माझं तोंड पुसलं. तिथं ओकारीचा वास होता. "कुठला डॉक्टर हाय तो?" मी विचारलं. "आज बसतो का?"

"पाचला बसत्यात. नंबर लावून आलीया मी." पिशवी सावरत ती म्हणाली, "तुमाला इच्यारणार न्हवते आता. ह्यांना सांगून मी एकटी जाणार व्हते, डोसाचं निमित्त करून." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याला काहीतरी उत्तर दिलं असतं. दीड तास ती ब्लाउजपीस घेत नव्हती, दवाखान्याच्या बाकावर बसली होती. डोसाला मी सोबत येतो म्हणालो तेव्हा तिच्या कपाळावर आठी का पडली, तेही आता कळलं. मी म्हणालो, "मी बी येतो." ती म्हणाली, "या की." परक्या माणसाला म्हणतात तसं.

तिकडं गाडीला हार घातला होता. अविराजनं बंपरपुढं नारळ फोडला, पाण्याचे शिंतोडे पाइपांवर मारले, टपाला लिंबू-मिरची बांधली. असल्या वस्तूची पूजा करतात हे बघून सकाळी मी भरपूर बोललो असतो. आता मला त्याचंही काही वाटेना. ऋषिराज केबिनमध्ये चढला, गॉगल लावला, केस सारखे केले. अविराजनं त्याचा मोबाइल आडवा धरला आणि हनुवटी वर करून म्हणाला, "सोडू नगंस. पूर्ण दाबून धर, मग रील झकास येती." मी पोरीला कडेवर घेऊन उठलो. ऋषिराजला सांगायचं होतं, गाडी वळव, पाचला दवाखान्यात जायचंय, तुझ्या लेकीला दाखवायचंय. "ऋषी," मी म्हणालो, आणि त्यानं बटन दाबलं.

मी ओरडत होतो. माझा घसा ताणला जात होता, मानेच्या शिरा फुगत होत्या, हे मला जाणवत होतं, पण माझा आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता. शेजारी सुप्रियाचे ओठ हलत होते. काय म्हणत होती कळलं नाही. रिक्षावाला हसत होता, नुसते दात दिसत होते. गल्लीत सगळ्यांची तोंडं उघडत-मिटत होती आणि कुणाचंच कुणाला काही कळत नव्हतं. अठरा महिने ती अशी आमच्यात राहिली होती. मी तिला सीटवर उभी केली, माझे दोन्ही हात मोकळे केले, आणि मिलहाऊस सोडून बावीस वर्षं बॉयलरला आणि नंतरची घरी काढली होती, तरी माझे हात आपोआप उठले. मूठ वळली आणि तळहातावर दोनदा आपटली. बंद कर. ऋषिराज आरशात बघत होता. अविराजचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. मी पुन्हा आपटली, जोरात, तळहात लाल होईपर्यंत. ह्या गल्लीत ती भाषा येणारं कुणी नव्हतं.

पायजम्याला हिसका बसला म्हणून मी खाली बघितलं. स्वरूपा एका हातानं माझा पायजमा धरून उभी होती आणि माझ्या हातांकडं बघत होती, ओठांकडं नाही. मग तिनं पायजमा सोडला. करंगळीतली वायसर पडू नये म्हणून जरा जपून तिनं मूठ वळली आणि दुसऱ्या तळव्यावर आपटली. एकदा. मग माझ्याकडं बघून आणखी एकदा. हॉर्न वाजतच होता. सुप्रियानं माझा दंड घट्ट धरला होता, आणि ऋषिराजनं बटन सोडेपर्यंत आम्ही दोघं आजा-नात तिथं मुठी आपटत उभे होतो.